बारा बिटांची खरखर : जुन्या डिजिटल यंत्रांचा आवाज आणि आपण

(पावस येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय पहिल्यांदा ऐकताना थोडा विचित्र वाटेल. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात शंभर वर्षं जवळजवळ सगळी धडपड आवाज स्वच्छ करण्यासाठी झाली. खरखर कमी करा, सूं आवाज काढा, मूळ गळ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. आणि आज संगणकावर गाणं करणारी तरुण मुलं पैसे मोजून अशी सॉफ्टवेअरं घेतात, जी तो स्वच्छ आवाज पुन्हा खराब करून देतात. ही खराबी वाटेल तशी चालत नाही बरं का. अमुक सालच्या, अमुक मॉडेलच्या यंत्रात आवाज जसा बिघडायचा, अगदी तसाच बिघडलेला हवा असतो. या सॉफ्टवेअरांना प्लगइन म्हणतात. ध्वनिमुद्रणाच्या मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचा तो एक सुटा भाग. आणि अशा मुद्दाम कमअस्सल ठेवलेल्या आवाजाला म्हणतात लो-फाय.

आज आपण तीन गोष्टी बघणार आहोत. ही खराबी मुळात आली कुठून? ती लोकांना आवडू का लागली? आणि तिसरी, आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. आपल्या भजनांत, नमनांत, गणपतीच्या मिरवणुकांत जी डिजिटल यंत्रं वाजत आली, त्यांच्या आवाजाचं पुढे काय होणार?

सुरुवात ओळखीच्या वस्तूपासून करू या. पेटी. कोकणात भजन म्हटलं की पेटी आलीच. टाळ-पखवाज जितके आपले, तितकीच पेटी आपली असं आपण धरून चालतो. पण पेटी हे एक यंत्र आहे आणि ते बाहेरून आलं. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायानं भाता हलवायचा, खुर्चीवर बसून वाजवायचं, असं ते वाद्य. १८७५च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्याला वाजवता येईल अशी हातपेटी तयार केली. मग संगीत नाटकांच्या आणि भजन-कीर्तनाच्या वाटेनं पेटी महाराष्ट्रभर पोचली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतानं तिला एकलवादनाची प्रतिष्ठा दिली.

आता पेटीचा दोष काय? तिचे सूर ठरलेले आहेत. एका सप्तकाला बारा पट्ट्या, म्हणून बारा सूर. दोन पट्ट्यांमधला सूर मिळत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची वेगळी पेटी करून घेण्याचा खटाटोप केला, तो या दोषापायीच. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदीच घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ सरकारी रेडिओच्या लेखी पेटी हे सदोष यंत्र होतं.

आणि आज? भजनात पेटी नसली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. दोष कुठे गेला? कुठेच गेला नाही. तो आजही तिथेच आहे. फक्त ऐकणाऱ्यांच्या तीन-चार पिढ्या त्या आवाजात भजन करत, नाटक बघत वाढल्या आणि कानानं तो दोष वाद्याचा स्वभाव म्हणून स्वीकारला. हे उदाहरण मनात ठेवा, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याच वळणानं जातं.

आता डिजिटल आवाजाकडे येऊ. डोंगराचा गुळगुळीत उतार डोळ्यांसमोर आणा. आवाजाची लाट अशी सलग असते. यंत्राला ती आकड्यांत लिहायची असते, म्हणजे त्या उतारावर जांभ्याची पाखाडी बांधायची असते. पाखाडी बांधताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. किती अंतरावर पायरी घ्यायची, आणि पायरीच्या उंचीसाठी किती वेगवेगळी मापं हाताशी ठेवायची. पहिल्या गोष्टीला सॅम्पलिंग रेट म्हणतात आणि दुसरी बिटमध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे उंचीची २५६ मापं, १२ बिट म्हणजे ४,०९६, आणि १६ बिट म्हणजे ६५,५३६. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर एका सेकंदात ४४,१०० पायऱ्या असतात, आणि मापं १६ बिटांची. पायऱ्या इतक्या जवळजवळ आणि इतक्या बारीक की कानाला पुन्हा सलग उतारच ऐकू येतो.

मापं कमी असली तर काय होतं? खरी उंची आणि जवळचं माप यांत फरक पडतो, आणि तो फरक खरखर होऊन ऐकू येतो. मोठ्या आवाजात ती झाकली जाते. पण सूर विरत विरत शांत होऊ लागला की शेवटी शेवटी चुरचुरते.

पायऱ्या दूरदूर असल्या तर वेगळीच गंमत होते. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये जे मांडलं त्याचा सारांश असा, की जितक्या कंपनांचा सूर पकडायचा असेल त्याच्या दुपटीहून जास्त वेळा सेकंदाला मोजमाप घ्यावं लागतं. कॅसिओ कंपनीनं १९८०च्या दशकाच्या मध्यावर एसके-१ नावाचा एक छोटा, स्वस्त कीबोर्ड काढला. त्यात आपला स्वतःचा आवाज भरता येई. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९,३८० मोजमापांचा, म्हणजे त्याला ४,६९० कंपनांच्या पलीकडचं काही नीट पकडता यायचं नाही. आता समजा मूळ आवाजात ७,००० कंपनांचा एक बारीक उपस्वर आहे आणि तो आत शिरण्याआधी गाळला गेला नाही. तर तो नाहीसा होत नाही. तो दुमडून खाली येतो आणि २,३८० कंपनांवर ऐकू येतो. मूळ वाद्यात नसलेला, सुरात न बसणारा एक सूर यंत्र स्वतःच्या पदरचा घालतं. जुन्या डिजिटल यंत्रांत जो किणकिणणारा, धातूसारखा कडवटपणा असतो त्याचं हे एक मुख्य कारण.

मग यंत्रं बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण स्मृती महाग होती. सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा आवाज साठवायला सुमारे दहा मेगाबाइट लागतात. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची सगळी स्मृती होती ६४ किलोबाइट. म्हणजे एक मिनिट आवाजासाठी असे दीडशेहून जास्त संगणक! त्यामुळे त्या काळच्या प्रत्येक यंत्रात एक हिशेब दडलेला आहे. एवढ्या पैशांत एवढीच स्मृती, मग कोणता आवाज ठेवायचा आणि कोणता सोडायचा?

तीन उदाहरणं घेऊ. १९७९ मध्ये सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट हे यंत्र आणलं. खरा आवाज आत घ्यायचा आणि पट्ट्यांवर वाजवायचा. माप ८ बिटांचं आणि एका आवाजाला स्मृती १६ किलोबाइट. किंमत मात्र अशी की बडे कलावंत आणि मोठे स्टुडिओच ते घेऊ शकत. १९८० मध्ये अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ हे तालयंत्र काढलं. खऱ्या ड्रमचे डिजिटल आवाज भरलेलं पहिलं तालयंत्र म्हणून त्याचं नाव घेतात. पण त्यात मोठी झांज नव्हती. का? तर झांज बराच वेळ घुमत राहते आणि तेवढा वेळ साठवायला स्मृती फार लागते. ऐंशीच्या दशकात त्या यंत्रावर केलेल्या गाण्यांचे ताल काही अंशी या एका हिशेबानं घडले आहेत.

तिसरं उदाहरण आजच्या विषयात सगळ्यात गाजलेलं. १९८७ चं ई-म्यू कंपनीचं एसपी-१२००. १२ बिट, सेकंदाला २६,०४० मोजमापं, आणि सगळे आवाज मिळून साधारण दहा सेकंद. एका आवाजाला जास्तीत जास्त अडीच सेकंद. न्यूयॉर्कमधल्या हिप-हॉप करणाऱ्या मुलांनी यावर एक युक्ती काढली. ३३ च्या वेगाची तबकडी ४५ च्या वेगानं फिरवायची, म्हणजे आवाज कमी वेळात आत शिरतो. मग यंत्रात तो पुन्हा खाली ओढायचा. जागा वाचली, पण खाली ओढताना पायऱ्या आणखी रुंद झाल्या आणि आवाजाला एक जाड, दाणेदार पोत आला. त्यातच या यंत्राच्या आठ मार्गांपैकी शेवटच्या दोन मार्गांवर बाहेर पडताना गाळणी नव्हती, त्यामुळे वरची किणकिण तशीच बाहेर यायची. हा पोत कुणी ठरवून बनवलेला नव्हता. महाग स्मृती आणि हुशार माणसं, दोन्ही मिळून तो तयार झाला.

दहाएक वर्षांत स्मृती स्वस्त झाली. चांगली यंत्रं आली आणि जुनी माळ्यावर गेली. मग ती आवडू का लागली? पेटीचं उत्तर इथेही लागू पडतं. कान गाण्यांतून शिकतो. ज्या गाण्यांवर एक पिढी वाढली, ती गाणी त्या यंत्रांच्या दोषांसकट कानात बसली. नव्या, स्वच्छ यंत्रावर तोच ताल वाजवला तर ओळख पटेना. सगळं आहे, पण ‘ते’ नाही असं वाटू लागलं. जुन्या यंत्रांच्या किमती वर चढल्या, आणि ज्यांना ती परवडेनात त्यांच्यासाठी सॉफ्टवेअरवाले पुढे आले.

प्लगइनचा रस्ता खुला केला तो जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीनं, १९९६ मध्ये. त्यांनी व्हीएसटी नावाची जोडणीची पद्धत काढली. तिच्यामुळे एकाच्या सॉफ्टवेअरला दुसऱ्यानं बनवलेला भाग जोडता येऊ लागला. मग आवाज जुना करणारी सॉफ्टवेअरं आली. आयझोटोप कंपनीचं व्हायनल हे त्यातलं एक आरंभीचं आणि फुकट मिळणारं. त्यात तबकडीचा ओरखडा, धूळ, मोटरची घरघर, सगळं हवं तेवढं घालता येतं. नंतर रोख डिजिटल यंत्रांकडे वळला. डेसिमॉर्ट बिट आणि मोजमापं कमी करून देतं. आरएक्स९५० हे अकाई एस९५० या सॅम्पलरमधून आवाज गेला तर जसा होईल तसा करून देतं. अर्टुरियानं फेअरलाइट, कॉर्गनं स्वतःचा एम१ आणि रोलँडनं स्वतःचा डी-५० संगणकात उतरवला. डेक्स्ड नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ साठी लोकांनी त्या काळी बनवलेले आवाज त्यात जसेच्या तसे भरता येतात.

इथे एक बारकावा आहे. जुनं बिनडिजिटल यंत्र संगणकात उतरवणं म्हणजे नेहमी अंदाजाचं काम. तारा, वाल्व, तापमान, सगळ्याचं गणित करावं लागतं. डिजिटल यंत्राचं तसं नाही. त्याच्या आतलं काम मुळात आकडेमोडच असतं. ती आकडेमोड कळली तर तंतोतंत नक्कल करता येते, एका आकड्याचाही फरक न पडता. अडचण येते ती दोन दारांशी. आवाज आत येतो ते दार आणि बाहेर जातो ते दार. तिथे गाळण्या असतात, आकड्यांचं पुन्हा विजेत रूपांतर करणारे भाग असतात, आणि त्यांचा स्वभाव यंत्रागणिक थोडा वेगळा असतो. म्हणून चांगलं प्लगइन करणारे लोक मूळ यंत्र टेबलावर ठेवतात, त्यातून ठरावीक चाचणीचे सूर सोडतात, बाहेर काय आलं ते मोजतात आणि आपली नक्कल त्याच्याशी ताडून बघतात. ही गोष्ट लक्षात ठेवू या. ताडून बघायला मूळ यंत्र लागतं.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे ही यंत्रं उशिरा आली असा एक समज असतो. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी रोलँड कंपनीची त्या वेळी नवी असलेली यंत्रं घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या रसिकांना धक्का बसला, कारण शिकागोत पुढे पाच वर्षांनी जे नृत्यसंगीत गाजलं त्याच्याशी तिचं विलक्षण साम्य होतं. ती यंत्रं आवाजाच्या बाबतीत डिजिटल नव्हती, हे खरं. पण एक गोष्ट त्यातून शिकता येते. ती तबकडी कुणीतरी जपली होती म्हणून अठ्ठावीस वर्षांनी तिचा इतिहास लिहिता आला.

दुसरं उदाहरण तानपुऱ्याचं. आपला तानपुरा मिरजेचा. पंढरपूरकडचे भोपळे, मिरजेच्या कारागिरांचा हात. तानपुऱ्याचा जीव असतो जवारीत. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून ती लावली की तारेतून बारीक उपस्वरांचा झरा वाहू लागतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला या घोडीचा अभ्यास केला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो, ते उपस्वर एरवी उमटू नयेत. तानपुऱ्यात मात्र ते उमटतात, हे त्यांनी दाखवलं. १९७९ मध्ये बंगळुरूचे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला. ते बासरी वाजवणारे आणि पेशानं विमान-अभियंते. पुढे डिजिटल तानपुरे आले, खऱ्या तानपुऱ्याचा आवाज चिपमध्ये भरून.

आता मघाचा हिशेब इथे लावा. जवारीचं सौंदर्य वरच्या उपस्वरांत. मोजमापं कमी असली की पहिला बळी त्यांचाच जातो. स्मृती थोडी असली की तारेचा एकच छेड पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो. खऱ्या तानपुऱ्यात कुठलेही दोन छेड सारखे नसतात. तरीसुद्धा, ज्यांच्या घरी तानपुरा ठेवायला जागा नव्हती, लावून द्यायला कुणी नव्हतं, अशा कितीतरी घरांत मुलं या डब्याच्या आवाजावर सा लावायला शिकली. त्यांच्या कानातला पहिला षड्ज त्या डब्याचा आहे. आज त्यांच्या फोनवर कितीतरी स्वच्छ तानपुरा मिळतो. पण तो डबा कसा वाजायचा, हा प्रश्न त्यांच्या संगीत-शिक्षणाच्या इतिहासाचा भाग आहे.

तिसरं उदाहरण अगदी दाराशी. ऑक्टोपॅड. मूळ शब्द रोलँड कंपनीचा, १९८५ च्या पॅड-८ या यंत्रापासूनचा. आठ रबरी चौकोन, काठीनं वाजवायचे. त्या पहिल्या यंत्रात स्वतःचा आवाज नव्हता, दुसऱ्या यंत्राला जोडावं लागे. नंतरच्या मॉडेलांत आवाज आतच भरलेले आले, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आलेलं एसपीडी-२० हे मॉडेल भारतभर पसरलं. ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, गणपतीची मिरवणूक, हळद, पूजा. कोकणातल्या बहुरंगी नमनातही मृदंग-झांजेच्या शेजारी ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड येऊन बसले. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्याला आपण कॅसिओच म्हणतो!

या यंत्राविषयी दोन्ही बाजूंनी बोलायला हवं. तबल्याच्या डग्ग्यावर तळहात दाबून ‘घे’ वर-खाली वळवता येतो. यंत्रात भरलेला ‘घे’ एकदा वळला तसाच दर वेळी वळतो. ढोलकीची शाई, पुडी, हवेतला ओलावा, वादकाचा हात, यांतलं काही चिपमध्ये येत नाही. शिवाय एका ऑक्टोपॅडनं तीन-चार वादकांची जागा घेतली, ही ढोलकीवाल्यांची तक्रार खोटी नाही. सुपारी एकाला मिळाली आणि बाकीचे घरी बसले. जुन्या यंत्राबद्दल हळवं होताना हे विसरून चालणार नाही.

पण दुसरी बाजूही खरी आहे. ऑक्टोपॅडवाला हा स्वतः कारागीर आहे. बोटांनी वाजायचे बोल त्यानं काठ्यांवर आणले. कुठल्या चौकोनावर ‘ना’, कुठल्यावर ‘घे’, कुठल्यावर झांज, ही मांडणी त्यानं स्वतः बसवली आणि पुढच्याला शिकवली. त्यासाठी छापील पुस्तक नव्हतं. आणि आवाज ऐकू यायचा तो कर्ण्यातून. कर्ण्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही, मधले सूर मात्र भेदक होतात. वर कुणी ते कॅसेटवर मुद्रित केलं की तिची सळसळ आणखी. चिप, काठी, कर्णा आणि कॅसेट, या चौघांचा मिळून जो आवाज होतो, तो आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांचा गणपतीचा आवाज आहे. रोलँडनं अलीकडे एसपीडी-२० ची नवी आवृत्ती काढली तेव्हा जुने आवाज मुद्दाम आत ठेवले, यातच त्या ओढीची खूण आहे.

आता मुद्दा नीट मांडू. प्लगइन कुठल्या यंत्रांची निघतात? ज्या यंत्रांवरची गाणी जगाच्या बाजारात गाजली त्यांची. कारण त्या यंत्रांची नोंद आहे. ती कुणी वापरली, कुठल्या गाण्यात, कोणत्या मार्गावर कोणता आवाज सोडला, हे लोकांनी लिहून ठेवलं आहे आणि मूळ यंत्रं ताडून बघायला जपली आहेत. आपल्याकडच्या मुलानं उद्या कोकणातल्या मिरवणुकीचा आवाज एखाद्या गाण्यात आणायचा ठरवला, तर त्याच्या हाताशी न्यूयॉर्कच्या सॅम्पलरची खरखर तयार आहे. गावच्या कर्ण्याची नाही. मग तो काय करणार? ती उसनी खरखर आपल्या ढोलकीवर चढवणार. ऐकायला जुनं वाटेल. पण ते दुसऱ्याचं जुनेपण असेल. आणखी वीस वर्षांनी ऐकणारा समजेल की आपल्याकडे असंच वाजायचं.

हे होऊ नये असं वाटत असेल तर काय जपायचं? इथे, पावसमध्ये, एक दाखला देता येतो. हे गाव स्वामी स्वरूपानंदांचं. त्यांनी ज्ञानेश्वरी आजच्या वाचकाला कळेल अशा मराठीत अभंगांत उतरवली. अभंग ज्ञानेश्वरी वाचताना मूळ ग्रंथ हरवल्यासारखं होत नाही, कारण ज्ञानेश्वरी जपलेली आहे. कुणालाही दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून ओवी आणि अभंग ताडून बघता येतात. नवं रूप प्रामाणिक आहे की नाही हे ठरवायला मूळ हाताशी असावं लागतं. ग्रंथाच्या बाबतीत आपण हे जाणतो. आवाजाच्या बाबतीत मात्र निष्काळजी राहतो.

आणि आपल्याकडे वेळ कमी आहे. कोकणची हवा यंत्रांना सोसत नाही. खाऱ्या वाऱ्यानं जोडण्या गंजतात, पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते. जुन्या अनेक डिजिटल वाद्यांत माणसानं बसवलेले आवाज आतल्या एका छोट्या बॅटरीच्या जोरावर टिकून असतात. ती संपली की सगळी मांडणी पुसली जाते. यंत्र दिसायला धडधाकट, आत कोरं.

म्हणून चार कामं सुचवतो, कुठल्याही भजन मंडळाला किंवा नमन मंडळाला करता येण्यासारखी.

पहिलं, मंडळाकडे असलेलं जुनं ऑक्टोपॅड, कीबोर्ड, डिजिटल तानपुरा भंगारात देण्याआधी त्याचे आवाज थेट वायरीनं संगणकात घ्या. एक चौकोन, एक पट्टी, हलका ठोका, जोराचा ठोका, असं सुटं सुटं.

दुसरं, सोबत वहीत लिहा. मॉडेल कोणतं, साधारण कधी घेतलं, कोण वाजवायचं, कुठल्या चौकोनावर काय. वादकाला बोलतं करा आणि त्याचे हात व्हिडिओत घ्या. एसपी-१२०० चा इतिहास म्हणजे जशी त्या ३३-४५ च्या युक्तीची गोष्ट, तसा ऑक्टोपॅडचा इतिहास त्या मांडणीत आहे.

तिसरं, जुन्या कॅसेट उतरवून घेताना साफसूफ करू नका. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांची आहे, ९६ जमलं तर उत्तम. मूळ प्रत खरखरीसकट तशीच ठेवायची. गाळलेली प्रत हवी तर वेगळी करा. एकदा पुसलेली खरखर परत आणता येत नाही, आणि तिच्यात काय काय होतं हे तेव्हा कळलेलं नसतं.

चौथं, कर्णा. त्यातून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा एक चाचणीचा आवाज सोडायचा आणि चांगल्या मायक्रोफोननं टिपायचा. त्या एका नोंदीवरून संगणकात कुठलाही आवाज त्या कर्ण्यातून आल्यासारखा करता येतो. हे तंत्र स्टुडिओंमध्ये रोजचं आहे. मंदिराच्या सभामंडपाचा घुमारासुद्धा अशाच रीतीनं टिपता येतो.

यातून उद्या कुणी आपल्याकडच्या आवाजाचं प्लगइन केलं तर आनंदच आहे. नाही केलं, तरी पुढच्या अभ्यासकाला ताडून बघायला मूळ राहील. एसके-१ मध्ये आवाज भरायला जेमतेम सव्वा सेकंदाच्या वर, सुमारे १.४ सेकंद जागा होती. तेरा किलोबाइट. आज आपल्या खिशातल्या फोनमधल्या एका फोटोला त्याच्या शेकडो पट जागा लागते. तेव्हा जागा नव्हती म्हणून निवड करावी लागली. आज आपल्याला ती सबब नाही.

इथेच थांबतो. ज्यांच्या मंडळाकडे अशी यंत्रं किंवा कॅसेट असतील त्यांनी निदान वहीतल्या नोंदीपासून सुरुवात करावी, त्याला खर्च काहीच नाही. काही प्रश्न असतील तर आता घेऊ या.